वाहनघराची पाणीजोडणी

राहण्या-झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेले वाहन मुक्कामतळावर उभे केले असता तेथील सार्वजनिक नळाशी त्याची अंतर्गत नळव्यवस्था तात्पुरती जोडतात. या जोडणीस वाहनघराची पाणीजोडणी म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धत विशेष विकसित झाली. तळावरील उभी तोटी, तिला लावलेली उलटप्रवाह रोखणारी झडप, दाब नियामक, पिण्याच्या पाण्याची लवचिक नळी (होज), वाहनाच्या बाजूस असलेले प्रवेशमुख व त्यातील एकदिश झडप हे या जोडणीचे घटक होत. घरातील नळकाम कारागीर एकदा करतो आणि ते भिंतीआड वर्षानुवर्षे राहते. वाहनघराची जोडणी मात्र दर एक-दोन दिवसांनी सोडावी व पुन्हा करावी लागते आणि ती करणारा माणूस बहुधा कारागीर नसतो. हत्याराशिवाय, केवळ हाताने आवळून, अनोळखी गावातील अनोळखी तोटीशी केलेला सांधा गळू नये, ही अपेक्षा आज साधी वाटते. ती पूर्ण होण्यास सु. अडीचशे वर्षे लागली. या काळात गळतीचा अर्थही पालटला. प्रारंभी बाहेर वाया जाणारे पाणी एवढाच तो होता. सांध्यातून दूषित पाणी आत शिरणे हीही गळतीच होय आणि ती अधिक घातक होय, हे पुढे मनुष्यहानी झाल्यावर ध्यानी आले.

होज व तिचा सांधा : लवचिक नळीचा व तिच्या जोडाचा इतिहास आग विझविण्याच्या साधनांपासून सुरू होतो. ॲमस्टरडॅमचा चित्रकार यान व्हान डर हायडेन व त्याचा भाऊ निकोलास यांनी १६७२ च्या सुमारास शिवलेल्या चामड्याची होज अग्निशामक पंपास जोडली. सु. ५० फूट लांबीचे तुकडे पितळी जोडांनी एकमेकांस जोडण्याची त्यांची योजना होती. भारतातील पखालीप्रमाणेच ही चामडी होज शिवणीतून पाझरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फिलाडेल्फिया येथे शिवणीऐवजी धातूच्या रिव्हेटांनी चामड्याच्या कडा जोडण्यात येऊ लागल्या आणि होज अधिक दाब सोसू लागली. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये रबराच्या व्हल्कनीकरणाचा शोध लावला व १८४४ मध्ये त्याचे अमेरिकन एकस्व घेतले. थंडीत न तडकणारे व उन्हात न चिकटणारे रबर त्यामुळे उपलब्ध झाले. त्यापासून होज तर बनलीच. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वस्तू म्हणजे त्याच रबराची लहानशी चकती, म्हणजे वॉशर.

लोखंडी नळांच्या जोडणीत आटे निमुळते असतात. रॉबर्ट ब्रिग्ज या अमेरिकन अभियंत्याच्या मापांवर आधारलेले व १८८६ मध्ये तेथील कारखानदारांनी स्वीकारलेले प्रमाण असे की, आट्यांचा व्यास लांबीच्या दर १६ भागांस १ भाग या प्रमाणात कमी होत जातो. आवळत गेल्यावर आटे एकमेकांत रुततात, उरलेली फट सफेदा व ताग किंवा अलीकडे टेफ्लॉनची फीत यांनी बुजते आणि आट्यांमध्येच पाणी अडते. असा सांधा पान्याने आवळावा लागतो व तो वारंवार सोडण्याजोगा नसतो. होजच्या जोडणीतील आटे याउलट समांतर व सैल असतात. पाणी अडविणे हे त्यांचे काम नव्हे. ते केवळ दोन्ही तोंडे जवळ ओढतात आणि त्यांच्यामध्ये दबलेला वॉशर पाणी अडवितो. होजच्या आट्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळण्याचा उपाय आजही सर्रास केला जातो; परंतु वॉशर झिजलेला, सुकलेला किंवा गळून पडलेला असेल, तर त्या फितीचा उपयोग नसतो. पान्याने जोर केल्यास वॉशर चिरडतो आणि पितळी किंवा प्लॅस्टिकचे आटे बिघडतात. सांधा उलगडू पाहणारे बल मुळात फार नसते. पाण्याचा दाब दर चौ. इंचास ६० पौंड (सु. ४·२ किग्रॅ. प्रति चौ. सेंमी.) असला, तरी एक इंच व्यासाच्या वर्तुळावर त्याचे बल सु. ४७ पौंड, म्हणजे सु. २१ किग्रॅ. भरते. हाताने आवळलेला जोड एवढे बल सहज सोसतो.

आट्यांचे एकीकरण : इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये ५५ अंश कोनाच्या आट्यांची, तर अमेरिकेत विल्यम सेलर्झ याने १८६४ मध्ये ६० अंश कोनाच्या आट्यांची एकरूप पद्धत सुचविली. या दोन पद्धतींतील भेद पुढे जगभर पसरला आणि त्याचे परिणाम आजच्या प्रवाशालाही भोगावे लागतात. होजच्या जोडांना मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कोणतीच शिस्त नव्हती. प्रत्येक नगराची अग्निशामक होज वेगळ्या मापाची असे. कारखानदारांना त्यात स्वारस्य होते, कारण एकदा एका कारखान्याचे जोड घेतलेले नगर पुढे त्याच कारखान्याशी बांधले जाई.

या अव्यवस्थेची किंमत बॉल्टिमोर नगराने चुकविली. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी रविवारी सकाळी तेथील व्यापारी पेठेत आग लागली. मदतीसाठी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इ. नगरांची पथके आगगाडीने आली. परंतु त्यांच्यापैकी अनेकांच्या होज बॉल्टिमोरच्या रस्त्यांवरील नळखांबांना बसेनात. पाणी होते, पंप होते, माणसे होती, सांधा नव्हता. सु. ३० तासांत सु. ७० चौकांतील १,५०० हून अधिक इमारती जळाल्या. वाऱ्याचा जोर व दाट वस्ती ही कारणेही तितकीच प्रबळ होती, त्यामुळे सर्व नाश आट्यांच्या माथी मारणे योग्य नव्हे. तथापि लोकांच्या मनावर ठसले ते निरुपयोगी होज हातात घेऊन उभ्या असलेल्या पथकांचे चित्र. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने चौकशी केली, तेव्हा देशात होजच्या जोडांचे ६०० हून अधिक प्रकार आढळले. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९०५ मध्ये अडीच इंची अग्निशामक होजसाठी दर इंचास साडेसात आटे हे प्रमाण ठरविले.

लहान होजचा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर सुटला. अमेरिकेच्या काँग्रेसने जुलै १९१८ मध्ये कायद्याने राष्ट्रीय मळसूत्र आयोग नेमला. त्याने अग्निशामक होजबरोबरच बागेच्या होजचीही मापे निश्चित केली. पाऊण इंची होजच्या जोडाचा बाह्य व्यास १ १/१६ इंच (२६·९९ मिमी.) व दर इंचास साडेअकरा आटे हे ते माप होय. वाहनघर तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. परसातील बागेस पाणी घालणारा गृहस्थ डोळ्यांपुढे होता. पुढे वाहनघरांच्या निर्मात्यांनी हेच माप उचलले, कारण ते प्रत्येक तोटीवर तयारच होते. येथे एक विरोधाभास नोंदण्याजोगा आहे. ज्या आपत्तीमुळे एकीकरणाची चळवळ उभी राहिली, त्या अग्निशमनाच्या क्षेत्रात एकीकरण रखडले. बॉल्टिमोरच्या आगीस शंभर वर्षे झाल्यावर, २००४ मध्ये केलेल्या पाहणीत देशातील ४८ मोठ्या नगरांपैकी केवळ १८ नगरांचे नळखांब राष्ट्रीय मापाचे आढळले. नगरांना हजारो जुने नळखांब बदलणे परवडत नव्हते. बागेची होज मात्र दुकानातून विकत घेतली जाते व काही वर्षांत टाकून दिली जाते. तिच्या बाबतीत बाजारानेच एक माप रूढ केले.

वाहन, पाणी व तळ : हौसेने प्रवास करणाऱ्यांचे आद्य वाहनघर म्हणून विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाच्या ‘वाँडरर’ या घोडागाडीचा उल्लेख केला जातो. ती १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे बांधली गेली. इंग्लंडमध्ये १९०७ मध्ये कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला. या गाड्यांत पाणी भांड्यांतून साठवीत व वाटेतील विहिरी, झरे, शेतघरे येथून भरून घेत. अमेरिकेत १९१० च्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या एका आलिशान प्रवासी मोटारीत चालकाच्या आसनामागे घडी होणारे हातधुणे बसविले होते. परंतु त्यात पाणी ओतावे लागे.

पहिल्या महायुद्धानंतर स्वस्त मोटारींमुळे अमेरिकेत मोटारीतून भटकंती करणाऱ्यांची संख्या वाढली. फ्लॉरिडातील टँपा येथे १९१९ मध्ये ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही त्यांची संघटना स्थापन झाली. रेडिएटरच्या टोपणावर लावलेला पत्र्याचा डबा ही सदस्यांची खूण होती. प्रवासी गावात पैसे खर्च करतील या आशेने अनेक नगरपालिकांनी विनामूल्य मुक्कामतळ उघडले; डेन्व्हरचे ओव्हरलँड पार्क त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होते. अशा तळांवर पाण्याचे मोजके सामाईक नळ असत व प्रवासी बादल्या घेऊन तेथे जात. विषमज्वराच्या भीतीने राज्यांची आरोग्य खाती १९२० नंतरच्या दशकात या पाण्याची तपासणी करू लागली. प्रत्येक गाडीपाशी नळ नेण्याचा विचार तेव्हा अशक्यच होता, कारण गाडी कोठे उभी राहील हेच ठरलेले नसे. झाडाखाली जेथे जागा मिळेल तेथे ती उभी राही.

हा प्रश्न सोडविला तो नळकारागिराने नव्हे, वनस्पतिरोगतज्ज्ञाने. कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांचा ऱ्हास का होत आहे, याचा अभ्यास अमेरिकेच्या वनसेवेतील ई. पी. माइनेके करीत होते. स्वैर फिरणाऱ्या मोटारींच्या चाकांखाली माती दबून घट्ट होते व मुळांना हवा-पाणी मिळत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. १९३२ मध्ये त्यांनी मुक्कामतळांच्या आखणीची नवी पद्धत मांडली. तीनुसार तळावर एकेरी वाहतुकीचा वळणाचा रस्ता असावा, त्यास प्रत्येक मुक्कामासाठी एक आखूड फाटा असावा, फाट्यावर मोटार उभी राहावी आणि दगड वा ओंडके लावून तिला पुढे जाण्यास मज्जाव करावा. १९३३–४२ या काळात बेकार तरुणांच्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ या शासकीय दलाने शेकडो तळ याच नमुन्यावर बांधले. वृक्षांच्या मुळांसाठी केलेल्या या योजनेचा अनपेक्षित परिणाम असा झाला की, गाडीची जागा निश्चित झाली. जागा निश्चित झाली म्हणजे तेथे पुरलेला नळ नेता येतो व गाडीच्या प्रवेशमुखापासून ठराविक अंतरावर तोटी उभारता येते. वाहनघराच्या इतिहासात वाहनांच्या कल्पक रचनांचे कौतुक पुष्कळ होते. त्या मानाने माइनेके यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

वाहनांतही याच सुमारास बदल झाला. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीच्या १९३६ मधील ‘क्लिपर’ या ॲल्युमिनियमच्या वाहनघरात स्वतःचा पाणीसाठा होता. त्या वर्षांत वाहनघरांची लाट एवढी उसळली की, वीस वर्षांत अर्धी अमेरिका चाकांवर राहू लागेल, असे भाकीत रॉजर बॅब्सन या अर्थविषयक भाष्यकाराने केले. ते खोटे ठरले. पण दुसऱ्या महायुद्धात शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतील कामगारांसाठी शासनाने हजारो वाहनघरे खरेदी केली. त्यांपैकी बहुतेकांत वाहते पाणी नव्हते व कुटुंबांना सामाईक धुण्या-नाहण्याच्या खोल्यांवर अवलंबून राहावे लागे. युद्धोत्तर काळात आत स्नानगृह असलेली वाहने निघाली, आणि मग टाकीतील पाणी अपुरे पडू लागले. डेव्ह ड्रम यांनी १९६२ मध्ये माँटॅना राज्यातील बिलिंग्झ येथे यलोस्टोन नदीकाठी खाजगी मुक्कामतळ सुरू केला. त्या वर्षी सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनास जाणाऱ्या प्रवाशांची तेथून वर्दळ होती. रात्रीचे भाडे १·७५ डॉलर होते. त्यातूनच ‘कँपग्राउंड्स ऑफ अमेरिका’ ही तळांची साखळी निर्माण झाली. अशा व्यापारी तळांच्या स्पर्धेत गाडीपाशी पाणी, वीज व सांडपाण्याची जोडणी देणे ही रूढी बनली.

यानंतर वाहनात पाण्याचे दोन मार्ग असू लागले. पहिल्या मार्गात टाकीतील पाणी १२ व्होल्ट विजेवर चालणारा लहान पंप तोट्यांना पुरवितो. दुसऱ्यात तळावरील नळाचे पाणी टाकी व पंप वगळून थेट आतील नळांत येते. पंपाने दाबलेले पाणी प्रवेशमुखातून बाहेर पडू नये म्हणून तेथे एकदिश झडप असते. गळतीच्या दृष्टीने या दोन मार्गांतील भेद मोठा आहे. टाकीवर चालणारी व्यवस्था गळू लागली, तर कोणी पाणी वापरीत नसताही पंप मधूनमधून चालू होतो व त्याचा आवाज मालकास सावध करतो. शिवाय टाकी रिकामी झाली की गळती आपोआप थांबते. नळाशी जोडलेले वाहन मात्र निःशब्दपणे गळते आणि त्यास अंत नसतो. सेकंदास एक थेंब या गतीने दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सु. २० लिटर पाणी पाझरते. वाहनघराची जमीन व भिंती यांत लाकडाचा वापर मोठा असल्याने ते आतून कुजते व पुष्कळदा पाय खचेपर्यंत कळत नाही. वाहन सोडून दिवसभर बाहेर जाताना तळावरील तोटी बंद करावी, हा जुन्या प्रवाशांचा नियम यामुळेच पडला.

दाब : घराच्या मानाने वाहनातील नळ बारीक व त्यांचे सांधे हलके असतात, त्यातच रस्त्याच्या धक्क्यांनी ते सैल होतात. तळावरील दाब वाहनमालकाच्या हाती नसतो. पाण्याच्या टाकीपासून तळ जितका खाली, तितका तो अधिक. दर १० मी. उंचीस सु. १ किग्रॅ. प्रति चौ. सेंमी. (सु. १४ पौंड प्रति चौ. इंच) याप्रमाणे तो वाढतो. डोंगराळ भागात दर चौ. इंचास १०० पौंडांहून अधिक दाब मिळणे दुर्मिळ नाही. रात्री तळावरील इतर लोक पाणी वापरीत नाहीत, तेव्हा तो आणखी चढतो. सायंकाळी कोरडा असलेला सांधा पहाटे ओला का आढळतो, याचे स्पष्टीकरण यात आहे. यावर उपाय म्हणून स्प्रिंग व पातळ पडदा यांच्या साहाय्याने चालणारा दाब नियामक तोटीलाच जोडतात व वाहनाकडे जाणारा दाब सामान्यतः ४० ते ५० पौंडांवर राखतात. नियामक वाहनाच्या प्रवेशमुखापाशी लावण्याची चूक बरेच जण करतात. तसे केल्यास होजवर पूर्ण दाब येतो आणि उन्हाने मऊ झालेली होज फुटते.

नळांच्या द्रव्याचाही येथे संबंध येतो. प्रारंभीच्या वाहनांत तांब्याचे नळ असत. १९७८ पासून पॉलिब्युटिलीन या स्वस्त, लवचिक प्लॅस्टिकच्या राखी नळांचा घरांत व वाहनघरांत मोठा प्रसार झाला. पाण्यातील क्लोरिनाने हे नळ व त्यांचे प्लॅस्टिकचे जोड ठिसूळ होऊन तडकू लागले. उत्पादकांविरुद्धच्या सामूहिक दाव्यात १९९५ मध्ये सु. ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली व त्याच सुमारास या नळांचे उत्पादन बंद पडले. त्यांची जागा जर्मनीत टोमास एंगल यांनी १९६८ मध्ये शोधलेल्या प्रक्रियेतून पुढे आलेल्या ‘पेक्स’ (साखळ्या एकमेकींस जोडलेले पॉलिएथिलीन) या नळांनी घेतली.

थंडी हा वेगळाच शत्रू होय. गोठताना पाण्याचे आकारमान सु. ९ टक्के वाढते व नळ फुटतो. म्हणून थंड प्रदेशातील तळांवर तोटीचा दांडा जमिनीवर असला, तरी तिची झडप माती गोठते त्या पातळीच्या खाली बसवितात. तोटी बंद केल्यावर उभ्या नळातील पाणी तळाच्या छिद्रातून खडीत निचरते. ही युक्ती जुनी व उपयुक्त आहे; परंतु खडीत दूषित पाणी साचलेले असल्यास तेच छिद्र त्याला आत येण्याची वाट देते. या धोक्याचे मूळ पुढील घटनेत समजते.

उलटप्रवाह : १९३३ मध्ये शिकागो येथे ‘शतकाची प्रगती’ हे जागतिक प्रदर्शन भरले होते. देशभरातून आलेले पाहुणे आपापल्या गावी परतल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्यात आमांशाची लागण दिसू लागली. रोगी दूरदूरच्या नगरांत विखुरलेले असल्याने ही एकच साथ आहे, हे कळण्यास वेळ लागला. एकूण १,४०९ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ९८ मरण पावले. तपासात दोन हॉटेलांतील नळव्यवस्था दोषी ठरली. तेथे पिण्याच्या पाण्याचे नळ व सांडपाण्याचे नळ यांच्यात सदोष जोड होते आणि शौचपात्रे व स्नानाच्या टाक्या यांच्या रचनेमुळे दाब कमी होताच घाण पाणी पिण्याच्या नळांत ओढले जाऊ शकत होते. नळातील पाणी एकाच दिशेने वाहते, हा लोकांचा व अनेक कारागिरांचाही समज या घटनेने मोडला. रस्त्यावरील मुख्य नळ फुटला किंवा अग्निशामक पंपाने एकदम पुष्कळ पाणी उपसले, तर नळातील दाब हवेच्या दाबाखाली जातो व दुसऱ्या टोकाशी जे काही असेल ते नळात खेचले जाते.

होज हे असे दुसरे टोक होय. ते कोठेही पडते. मुक्कामतळावर तर एकाच नळाला पिण्याच्या पाण्याची होज व मैलाटाकी धुण्याची होज जोडली जाण्याचा संभव असतो. मैल्यात बुडालेल्या होजचे तोंड व शेजारच्या वाहनातील मुलाचा पेला यांच्यामध्ये तेवढ्या क्षणी काहीच आडकाठी नसते. यास्तव तोटीच्या मुखाशी निर्वातरोधक बसवितात. नळातील दाब उतरताच त्यातील पडदा मागे सरकून छिद्रे उघडतात, बाहेरची हवा आत येते व चूषण मोडते. त्या वेळी छिद्रांतून थोडे पाणी उडते. अनेक प्रवासी ही गळती समजून तो भाग काढून टाकतात. ते पाणी बाहेर उडणे हे त्या भागाचे कामच असल्याने असे करणे धोक्याचे ठरते. टाकी भरताना होजचे तोंड पाण्यात न बुडविता त्याच्या वर मोकळे धरणे हा त्याहून जुना व अधिक खात्रीचा उपाय होय. हवेची फट कधी नादुरुस्त होत नाही.

सांध्यातील धातूंकडे लक्ष सर्वांत शेवटी गेले. पितळ कातण्यास सुलभ व्हावे म्हणून त्यात शिसे मिसळीत. अमेरिकेत पेयजल सुरक्षितता कायद्यात (१९७४) १९८६ मध्ये केलेल्या दुरुस्तीने पिण्याच्या पाण्याच्या नळकामातील शिशावर मर्यादा आली. ४ जानेवारी २०१४ पासून पाण्याशी संपर्क येणाऱ्या पृष्ठभागांतील शिशाचे सरासरी प्रमाण ०·२५ टक्क्यांहून अधिक असू नये, असे ठरले. बागकामाच्या सामान्य होज पिण्यासाठी नसल्याने या नियमाबाहेर राहिल्या. म्हणून वाहनघरासाठी बहुधा पांढऱ्या वा निळ्या रंगाची, पिण्याच्या पाण्याची म्हणून प्रमाणित असलेली स्वतंत्र होज वापरतात.

इतर देश : युरोपात हा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. ब्रिटनमध्ये वाहनघर थेट नळाशी जोडण्यापेक्षा जमिनीवरून लोळवीत नेण्याचे गोल पिंप सामाईक नळावर भरणे व त्यात सोडलेल्या लहान पंपाने पाणी घेणे अधिक रूढ झाले. दाब व उलटप्रवाह हे दोन्ही प्रश्न त्यामुळे बव्हंशी टळतात. कष्ट तेवढे वाढतात. जर्मनीत गार्डेना कंपनीने १९६८ मध्ये आटे न फिरविता दाबून बसणारी जोडपद्धती आणली व बागेच्या होजसाठी ती युरोपभर पसरली.

अमेरिकेबाहेर नेलेले वाहनघर तेथील तोटीशी जुळत नाही, याचे कारण व्हिटवर्थ व सेलर्झ यांच्या भेदात आहे. अमेरिकन होजच्या आट्यांचा बाह्य व्यास २६·९९ मिमी., अमेरिकन पाऊण इंची नळाचा २६·६७ मिमी. व ब्रिटिश पद्धतीच्या पाऊण इंची नळाचा २६·४४ मिमी. असतो. पहिल्यात दर इंचास साडेअकरा, तर उरलेल्या दोहोंत चौदा आटे असतात. शिवाय ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंश व अमेरिकन आट्याचा ६० अंश. डोळ्यांना हे तिन्ही सारखेच दिसतात. चुकीचा जोड एक-दोन फेरे बसतोही, आणि मग अडतो किंवा आटे कापत तिरका जातो. ठिपकत राहणाऱ्या जोडण्यांत असे जुळल्यासारखे भासणारे सांधे बरेच असतात.

भारतातील नळांचे आटे ब्रिटिश पद्धतीचे असून त्यांची मापे आयएस ५५४ या भारतीय मानकात दिली आहेत. येथे घरगुती तोट्या बहुधा अर्धा इंची असतात आणि रबरी नळी तोटीच्या तोंडावर चढवून क्लिपने वा तारेने आवळण्याचीच पद्धत सर्वत्र आढळते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले व वाहने उभी करण्याच्या तळांवर पाणी, वीज इ. सोयींचा विचार त्यात आला. इमारतीच्या गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब सामान्यतः कमी असल्याने येथे दाब नियामकाची निकड अमेरिकेइतकी नाही. उलटप्रवाहाचा धोका मात्र अधिक आहे. बहुतेक नगरांत पाणी ठराविक वेळीच सोडले जाते व पुरवठा बंद होताच नळ रिकामे होऊन त्यांत चूषण निर्माण होते. अशा ठिकाणी वाहन थेट नगरपालिकेच्या नळाशी जोडण्यापेक्षा तळावर साठवणटाकी बांधून, तिच्या तोंडाशी हवेची फट राखून, तेथून वाहनाची टाकी भरणे अधिक सुरक्षित ठरते.